जुन्या पेट्रोल मोटारीच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर : दोष शोधण्याची रीत

वाळवा तालुक्यांतील बागायतदारांच्या दारीं ट्रॅक्टराच्या शेजारीं हल्लीं एखादी जुनी पेट्रोलची मोटारहि बहुधा उभी असते. दूध डेअरीस पोंचविणें, भाजीपाला इस्लामपूरच्या बाजारांत नेणें, खताचीं दोन पोतीं आणणें, अशीं कामें ती बिनबोभाट करीत असते. अशा मोटारीच्या दर्शनी फळीवर एके दिवशीं एंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. मोटार चालत असते, पण पेट्रोल अधिक खाते. मिस्त्री स्कॅनर लावून सांगतो कीं ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा घालावा लागेल. हजारों रुपये खर्चून नवा सेन्सर बसवितात, आणि आठवड्याच्या आंत तोच दिवा पुन्हां लागतो. असा प्रसंग ज्यांस आला आहे, किंवा पुढें येण्याचा संभव आहे, त्यांचे उपयोगीं पडावी म्हणून ही माहिती येथें क्रमवार देण्याचें योजिलें आहे. तींतील मुख्य मुद्दा एवढाच कीं, स्कॅनर ज्याचें नांव घेतो तें हीटरचें सर्किट होय. एकटा सेन्सर नव्हे. म्हणून सर्व सर्किट तपासल्यावांचून नव्या सेन्सरास पैसे घालूं नयेत.

सेन्सर काय करतो

पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें त्याच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून वायां जातें. हवा अधिक झाली तर एंजिन ओढ घेत नाहीं. हें प्रमाण राखण्याकरितां सायलेन्सरच्या नळींत, एंजिनाच्या जवळ, एक आटे असलेला नळा बसविलेला असतो. तोच ऑक्सिजन सेन्सर. त्याच्या आंत झिर्कोनिया नांवाच्या मातीची भाजलेली टोपी असून तिच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो. बाहेरील अंगास धूर लागतो व आंतील अंगास बाहेरची स्वच्छ हवा. दोहोंतील प्राणवायूच्या प्रमाणांत जो फरक असेल त्यानुसार ही टोपी विजेचा अल्प दाब निर्माण करते. धुरांत प्राणवायू कमी, म्हणजे पेट्रोल अधिक असेल, तर दाब ०.८ ते ०.९ व्होल्ट येतो. प्राणवायू अधिक असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. मोटारीचा संगणक, ज्यास मिस्त्री ईसीएम म्हणतात, हा दाब सतत वाचून पेट्रोलाची पिचकारी कमी-जास्त करतो.

आपणां ऊस पिकविणारांस या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. आपल्या उसाच्या मळीपासून व रसापासून कारखाने जें इथेनॉल काढतात तें पेट्रोलांत मिसळलें जातें, आणि २०२५ सालीं शेंकडा वीस मिश्रणाचा टप्पा देशानें गांठला. इथेनॉलमध्यें मुळांतच प्राणवायू असल्यानें या मिश्रणास हवा सुमारें साडेतेरा पटच पुरते. पंपावरील पेट्रोलांतील हा फरक ओळखून पिचकारीचें माप बदलण्याचें काम संगणक याच सेन्सरच्या भरंवशावर करतो.

हीटर कशासाठीं

झिर्कोनियाची टोपी थंड असतां कांहीं सांगूं शकत नाहीं. सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापल्यावरच ती बोलूं लागते. जर्मनीच्या बॉश कंपनीनें तयार केलेला हा सेन्सर १९७६ सालीं प्रथम स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारींत बसविण्यांत आला, तेव्हां तो केवळ धुराच्या उष्णतेवर तापत असे. एंजिन सुरू केल्यावर तो तापेपर्यंत बराच वेळ जाई, आणि मोटार उभ्यानें चालू ठेवली तर तो पुन्हां निवे. ही अडचण दूर करण्याकरितां त्याच्या पोटांत विजेची लहानशी तापकांडी घालण्यांत आली. तिलाच हीटर म्हणतात. यामुळें सेन्सर कांहीं सेकंदांतच कामास लागतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. ज्याची मोटार पेठ नाक्यावरून महामार्गास लागून थेट पुण्यास जाते, त्याचा हीटर बिघडला तरी धुराच्या उष्णतेनें सेन्सर तापतो व दोष फारसा जाणवत नाहीं. परंतु ज्याची मोटार पहांटे डेअरीपर्यंत दोन मैल जाऊन थांबते, पुन्हां निघते, पुन्हां थांबते, त्याचा सेन्सर कधींच पुरता तापत नाहीं. संगणक मग आंधळेपणानें, ठराविक अंदाजानें पेट्रोल सोडीत राहतो. आखूड फेऱ्या करणाऱ्या शेतकऱ्यास हा दोष सर्वांत महाग पडतो तो यामुळें.

दुर्लक्ष केल्यास काय होतें? पेट्रोल अधिक जातें, प्लगवर काजळी धरते, उभ्यानें एंजिन अडखळतें. न जळलेलें पेट्रोल पुढें जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जळूं लागलें तर तो अति तापून निकामी होतो, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. शिवाय पीयूसीच्या तपासणींत मोटार नापास होते. भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीस उभ्यानें चालतांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. मोटारीस पंधरा वर्षें होऊन नोंदणीचें नूतनीकरण करावयाचें असेल तर ही बाब अधिकच नडते.

कोड म्हणजे निकाल नव्हे

२०१३ पासून भारत स्टेज चारच्या मोटारींस ओबीडी-दोन नांवाची व्यवस्था सक्तीची झाली. तिच्यामुळें दोषाचा ठराविक कोड स्कॅनरवर उमटतो. पी ०१३५ किंवा पी ००३० ते पी ००३२ हे कोड कन्व्हर्टरच्या अलीकडील, म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटर सर्किटचे. आणि पी ०१४१ किंवा पी ००३६ ते पी ००३८ हे पलीकडील, म्हणजे दुसऱ्या सेन्सरच्या हीटर सर्किटचे होत. त्याहून जुन्या कित्येक मोटारींत एकच सेन्सर असतो, व कोड पाहण्याची रीत त्या त्या कंपनीच्या पुस्तकांत दिलेली असते. कार्ब्युरेटरच्या मोटारी, जुन्या डिझेल जीपा व जुने ट्रॅक्टर यांस हें प्रकरण बहुधा लागू नाहीं.

आतां कोडांत 'सर्किट' हा शब्द आहे, त्याकडे लक्ष द्यावें. बॅटरींतून वीज निघते, रिलेंतून व फ्यूजमधून जाते, तारेनें हीटरपर्यंत पोंचते, हीटर तापवून दुसऱ्या तारेनें संगणकाकडे येते, आणि संगणक तिला अर्थ देऊन फेरा पुरा करतो. म्हणजे हीटरला चालू-बंद करण्याची कळ बहुतेक मोटारींत अर्थच्या बाजूस, संगणकाच्या हातीं असते. या फेऱ्यांत कोठेंहि खंड पडला तरी संगणकास एवढेंच कळतें कीं हीटर तापला नाहीं. कोड ही फिर्याद आहे; फिर्याद आली म्हणून कोणी जागेची पाहणी केल्यावांचून निकाल देत नाहीं. पाहणी कशी करावी तें आतां सांगतों.

पाहणीचा क्रम

लागणारीं साधनें थोडीं आहेत : कांहींशें रुपयांस मिळणारा डिजिटल मल्टीमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब, पांच वॅटचा एक बल्ब, आणि दोहोंस जोडलेल्या तारा. काम मोकळ्या जागीं करावें. बंद गोठ्यांत किंवा शेडमध्यें एंजिन चालवूं नये. त्या धुरानें माणूस दगावतो. सायलेन्सर निवल्यावरच त्यास हात लावावा, मोटार सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं कदापि शिरूं नये.

पहिली पायरी डोळ्यांची. सेन्सरपासून निघालेल्या तारा कनेक्टरपर्यंत व तेथून पुढें दिसतील तेथवर पाहाव्यात. सायलेन्सरला टेंकून तार भाजली आहे काय, चिखल व दगड लागून तुटली आहे काय, कनेक्टरांत पाणी जाऊन पितळेवर हिरवा गंज चढला आहे काय, हें पाहावें. पाचटाच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारीं मोटार उभी राहत असेल तर उंदरांनीं कुरतडलेली तार सांपडण्याचा संभव पुष्कळ असतो. कित्येकदां दोष येथेंच हातीं लागतो व पुढचें कांहीं करावें लागत नाहीं.

दुसरी पायरी फ्यूजची. हीटरचा फ्यूज कोणता, हें मोटारीच्या पुस्तकांत किंवा फ्यूजपेटीच्या झांकणावर पाहावें. फ्यूज काढून मल्टीमीटरनें तपासावा. डोळ्यांस चांगला दिसणारा फ्यूजहि कधीं कधीं आंतून तुटलेला असतो. दोन्ही सेन्सरांचे कोड एकदम आले असतील तर दोन सेन्सर एकाच दिवशीं मरण्याचा योग विरळा. दोहोंस समाईक असा फ्यूज, रिले किंवा वीज आणणारी तार यांवरच प्रथम संशय घ्यावा. फ्यूज उडालेला सांपडला तर त्या जागीं अधिक अँपियरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणें हें गंजीशेजारीं शेकोटी पेटविण्यासारखें आहे. फ्यूज उडाला तो कोठेंतरी तार धातूस लागली म्हणून उडाला. ती जागा शोधली पाहिजे.

तिसरी पायरी विजेच्या पुरवठ्याची. सेन्सरचा कनेक्टर सोडवावा. आतां जो भाग मोटारीच्या वायरिंगकडे राहिला, त्यांतील पुरवठ्याच्या पिनेवर मीटरचें लाल टोंक व बॅटरीच्या ऋण टोंकास काळें टोंक लावावें. चावी फिरविल्यावर बारा व्होल्टच्या आसपास दाब आला पाहिजे. कांहीं मोटारींत एंजिन सुरू केल्यावरच येतो. दाब मुळींच न आल्यास दोष फ्यूज, रिले किंवा त्यांमधील तारेंत आहे, सेन्सरमध्यें नव्हे.

परंतु दाब आला म्हणजे पुरवठा ठीक, असेंहि समजूं नये. उपसा योजनेच्या पाइपलाईनचा शेवटचा वॉल बंद असतां दाबमापक पुरा दाब दाखवितो, मग पाईप गाळानें अर्धा भरलेला कां असेना. वॉल उघडल्यावर पाणी करंगळीएवढें पडतें तेव्हां खरें कळतें. तारेचेंहि तसेंच आहे. दहा धाग्यांपैकीं एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवील. म्हणून त्या पिनेवर व बॅटरीच्या ऋण टोंकावर २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. तो पाऊण ते दोन अँपियरच्या मधला, म्हणजे हीटरच्या बराच जवळ जाणारा प्रवाह ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर पुरवठा खरोखर ठीक. मंद पेटला तर तार, जोड किंवा रिले यांत गंज किंवा तूट आहे. ही बल्बाची परीक्षा स्कॅनरला करतां येत नाहीं.

चौथी पायरी खुद्द हीटरची. कनेक्टरचा जो भाग सेन्सरकडे आहे त्यांत चार तारांच्या सेन्सरमध्यें एकाच रंगाच्या दोन तारा असतात, त्या हीटरच्या. बॉश पद्धतींत त्या पांढऱ्या असून डेन्सो पद्धतींत काळ्या असतात. मोटारीकडील तारांचे रंग निराळे असूं शकतात, म्हणून रंग सेन्सरच्या बाजूसच पाहावेत. सेन्सर थंड असतां या दोन पिनांमधील रोध मीटरनें मोजावा. तो सामान्यतः दोन ते पंधरा ओहमच्या दरम्यान येतो. आपल्या मोटारीचा नेमका आंकडा पुस्तकांत पाहावा. मीटरचीं दोन टोंकें एकमेकांस लावून जो अल्प रोध दिसेल तो वजा करावा. मीटरनें अमर्याद रोध दाखविला तर हीटर आंतून तुटला. जवळजवळ शून्य दाखविला तर तो आंतल्या आंत जुळला व फ्यूज उडविणार. मग एक टोंक हीटरच्या पिनेस व दुसरें सेन्सरच्या लोखंडी अंगास लावून पाहावें. तेथें रोध अमर्यादच असला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. रोध सहा ओहम असेल तर बारा व्होल्टवर दोन अँपियर प्रवाह जातो व चोवीस वॅट उष्णता निघते. हीटर तापेल तसा रोध वाढून प्रवाह उतरतो. म्हणून मोजमाप थंड सेन्सरवर केलें तरच पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहतां येतें. उरलेल्या दोन तारा धुराची खबर नेणाऱ्या असतात. त्यांस बल्ब लावूं नये, वा बाहेरून वीज देऊं नये.

पांचवी पायरी संगणकाच्या बाजूची. पुरवठा ठीक व हीटरहि ठीक निघाला तर संगणकाकडे जाणारी तार उरते. प्रथम स्कॅनरनें कोड पुसावा, कारण कोड नोंदलेला असतां कांहीं मोटारी हीटर चालू करीतच नाहींत. नंतर कनेक्टरच्या वायरिंगकडील भागांत पुरवठ्याची पीन व संगणकाची पीन यांमध्यें पांच वॅटचा लहान बल्ब जोडून थंड एंजिन सुरू करावें. बल्ब पेटला किंवा लुकलुकला तर संगणक आपलें काम करीत आहे. मुळींच न पेटल्यास ती तार मध्यें तुटली आहे, किंवा संगणकाचा अर्थ खराब आहे, किंवा क्वचित् संगणकच बिघडला आहे. चावी फिरवितांच, एंजिन सुरू होण्यापूर्वींच, बल्ब पूर्ण प्रकाशानें पेटून राहिला तर ती तार कोठेंतरी घासून धातूस लागल्याचा संशय घ्यावा. येथें मोठा बल्ब वापरूं नये. पेटतेवेळीं तो जो झटका ओढतो त्यानें संगणकाची नाजूक कळ जळूं शकते. त्याच कारणास्तव या पिनेस बॅटरीचें धन टोंक थेट कदापि लावूं नये. या पायरीपासून पुढचें काम चांगल्या मिस्त्र्याकडे सोंपवावें. परंतु पहिल्या चार पायऱ्यांचे आंकडे कागदावर लिहून त्याच्या हातीं द्यावेत, म्हणजे त्याचा वेळ व आपला पैसा दोन्ही वांचतील.

दुरुस्ती व नवा सेन्सर

तार तुटलेली सांपडल्यास नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याचा प्रघात आहे, तो सोडावा. तेवढ्याच जाडीची तार घेऊन धातूच्या नळीनें दाबून जोड करावा, वर उष्णता सोसणारी नळी चढवावी, आणि तार सायलेन्सरपासून दूर बांधावी. सेन्सरच्या स्वतःच्या तारांवर डाग देऊन जोड करणें टाळावें. कित्येक सेन्सर आंतील टोपीस लागणारी स्वच्छ हवा तारांच्या धाग्यांमधूनच घेतात, व डाग दिल्यानें ती वाट बंद होते. कनेक्टरांत तेल किंवा ग्रीस भरूं नये, तेंहि याच कारणानें.

हीटरच तुटला असें चवथ्या पायरींत ठरल्यावर मात्र नवा सेन्सर घेण्यांत कुचराई करूं नये. घेतांना जुन्याचा नंबर ताडून पाहावा, आणि दुकानांतच मीटर लावून हीटरचा रोध पुस्तकांतील आंकड्याशीं जुळतो कीं नाहीं तें पाहावें. स्वस्त म्हणून भलत्याच रोधाचा सेन्सर घातला तर संगणक पुन्हां तोच कोड काढील. जुना सेन्सर सायलेन्सर किंचित् कोमट असतां, हातमोजे घालून, तारेस वाट ठेवणाऱ्या चिरलेल्या सॉकेटनें सोडवावा. पुरा थंड असतां आटे धरून बसतात. नव्याच्या टोंकास हात, तेल अगर ग्रीस लागूं देऊं नये. आट्यांवर लावावयाचा मसाला सेन्सरबरोबर आलेलाच असावा व तो आट्यांपुरताच असावा. सिलिकॉनची लांबी जवळपास वापरूं नये, तिच्या वाफेनें सेन्सर निकामी होतो. प्रथम हातानें आटे बसवून मगच पाना लावावा.

शेवटीं कोड पुसून मोटार रात्रभर थंड होऊं द्यावी व सकाळीं सुरू करावी. कारण हीटरची परीक्षा संगणक बहुधा थंड एंजिनावरच घेतो. असें तीन-चार दिवस झाल्यावरहि दिवा लागला नाहीं, तरच काम पुरें झालें असें समजावें. केवळ कोड पुसून दिवा विझविणें ही दुरुस्ती नव्हे.

पीक पिवळें पडलें म्हणून कोणी शहाणा शेतकरी तत्काळ युरिया टाकीत नाहीं. मुळाशीं पाणी सांचलें आहे कीं किडीचा उपद्रव आहे, हें तो आधीं उकरून पाहतो. मोटारीच्या पिवळ्या दिव्याशींहि त्यानें तसेंच वागावें. मीटर व दोन बल्ब यांनीं अर्ध्या तासांत होणारी पाहणी सोडून हजारों रुपयांचा माल अंदाजानें बदलणें आपणांस परवडणारें नाहीं. फ्यूज, पुरवठा, हीटर आणि संगणकाची तार, हा क्रम ज्यानें ध्यानांत ठेविला, त्यास सेन्सर खरोखर गेला कीं नाहीं, हें दुसऱ्यास विचारावें लागणार नाहीं.